किडनी देणारी बाई, घेणारी कोण?

सुरुवात आकड्यांनी करतो. मी बी.कॉम. झालेला, नोकरीने कारकून. आकडा समोर आल्याशिवाय याला माणसाचे दुःखही कळत नाही, असे आमची मंडळी म्हणते, आणि ते अगदीच खोटे नाही.

देशातल्या अवयव प्रत्यारोपणाची नोंद 'नोटो' ही दिल्लीची सरकारी संस्था ठेवते. तिच्या नोंदीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांत अवयव मिळालेले पुरुष २९,६९५ आणि स्त्रिया ६,९४५. चार पुरुषांमागे एक बाई! आता देणाऱ्यांची बाजू पाहा. एकट्या २०२३ सालात देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, त्यांतली १३,४२६ किडनीची. एकूण प्रत्यारोपणांपैकी १५,४३६ जिवंत माणसांनी दिलेल्या अवयवांची. या जिवंत दात्यांमध्ये ९,७८४ स्त्रिया आणि ५,६५१ पुरुष. म्हणजे द्यायच्या रांगेत बाई पुढे आणि घ्यायच्या रांगेत बाई मागे.

हे आकडे दिल्लीचे असले तरी ते आपल्या घरातलेच आहेत. आमच्या काष्टीला शनिवारी जनावरांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबची माणसे येतात, गाठीभेटी होतात. पूर्वी त्या गप्पांत पाऊस, ऊस, कांद्याचा भाव असे. आता त्यात "अमक्याची किडनी फेल झाली", "तमक्याला आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला न्यावं लागतं" हेही ऐकू येते. आणि मग कोणीतरी हमखास म्हणतो, "त्याची आई द्यायला तयार आहे म्हणं." किंवा "बायको देतेय." बापाचे, भावाचे नाव त्या बोलण्यात क्वचितच येते. आणि आजारी बाईसाठी "नवरा देतोय" हे वाक्य मी इतक्या वर्षांत दोनदाच ऐकले. त्यातली एक हकीकत पुढे सांगणार आहे.

आधी आजार म्हणजे काय ते पाहू. दोन किडन्यांचे काम रक्तातली घाण आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि रक्त तयार व्हायला मदत करणे. या मुकाट्याने काम करणाऱ्या असतात आणि मुकाट्यानेच बिघडतात. निम्म्याहून जास्त काम बंद पडले तरी माणसाला फारसे काही जाणवत नाही. पाय सुजणे, तोंडावर सूज, दम लागणे, अन्नावरची वासना जाणे, ही लक्षणे दिसतात तोवर फार उशीर झालेला असतो. मुख्य कारणे म्हणजे साखरेचा आजार आणि रक्तदाब. त्यात भर मुतखड्याकडे केलेल्या दुर्लक्षाची, आणि दुकानातून विचारल्याशिवाय आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांची. दिवसभर कांदा काढून किंवा मोळ्या वाहून कंबर मोडली की रोज एक गोळी, हे आपल्या वस्तीत सर्रास चालते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत तर साखर नाही, रक्तदाब नाही अशा तरण्या ऊसतोड कामगारांच्या किडन्या निकामी झाल्याचे आढळले. रणरणत्या उन्हात, पुरेसे पाणी न पिता केलेले अतिश्रम हे त्यामागचे एक कारण मानले जाते. श्रीगोंदा तालुक्यात कोयते किती चालतात ते मी सांगायला नको.

आता बाईचे. बाईला थकवा आला तर घरात म्हणतात, "रक्त कमी असेल." पाय सुजले तर "उभ्यानं काम करते म्हणून." खरे म्हणजे रक्त कमी असणे हेच किडनीच्या आजाराचे लक्षण असू शकते. रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन, या दोन तपासण्या तालुक्याच्या गावी थोडक्या पैशांत होतात. पण नवऱ्याचे पाय सुजले की दुसऱ्या दिवशी दवाखाना, आणि बायकोचे सुजले की पुढच्या पगारानंतर! अशाने कितीतरी भगिनी प्रत्यारोपणाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची मोजणी कोणत्याही रजिस्टरात होत नाही.

देणाऱ्याचे काय होते?

माणसाची किडनी दुसऱ्याला बसवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी केला. दाता आणि रुग्ण जुळे भाऊ होते. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, तो मृत व्यक्तीच्या किडनीचा. जिवंत नातेवाइकाची किडनी बसवण्याचे पहिले यश १९७१ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला मिळाले. तेव्हा ही काही कालपरवाची, प्रयोगावस्थेतली गोष्ट नाही. आज ती मुंबईत के.ई.एम.मध्ये, पुण्यात ससूनमध्ये, नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात होते.

निरोगी माणूस एका किडनीवर पूर्ण आयुष्य जगू शकतो. उरलेली किडनी थोडी मोठी होते आणि दोघींचे बरेचसे काम उचलते. शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून करतात. दाता चार-पाच दिवसांत घरी येतो, दोन-तीन आठवड्यांत हलके काम करू लागतो, आणि साधारण दोन महिने जड ओझे उचलायचे नसते. धोका अजिबात नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दहा हजार दात्यांत एक ते तीन जणांचा मृत्यू होऊ शकतो, असे जगभरचे अनुभव सांगतात. पुढे रक्तदाब वाढण्याची, आणि क्वचित आपलीच उरलेली किडनी बिघडण्याची शक्यता थोडी वाढते. किडनी दिलेल्या तरुण मुलीला पुढच्या बाळंतपणात रक्तदाबाचा त्रास होण्याचा संभव जरा जास्त असतो. म्हणून दात्यानेही वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायचे असते. रुग्णाची फाईल जाडजूड होते आणि दात्याची हरवते, हे बरोबर नाही.

पुरुष मागे का हटतात? "मी कमावता आहे" हे कारण उघड बोलले जाते. मनातले दुसरे कारण बोलले जात नाही. किडनी दिली की पुरुषपण जाते, मूल होत नाही, अशी एक भीती गावोगाव आहे. ती साफ खोटी आहे. किडनीचा आणि पुरुषपणाचा काही संबंध नाही. आणि "कमावता" म्हणाल, तर भल्या पहाटे भाकऱ्या बांधून खुरपायला जाणारी बाई काय बसून खाते? तिची मजुरी घरखर्चात जाते म्हणून ती कोणी मोजत नाही, एवढाच काय तो फरक.

एक हकीकत

आमच्या भागातली एक भगिनी, वय चाळिशीच्या आत, तीन मुलांची आई. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर भरणीला जातो. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले. नवरा स्वतःहून म्हणाला, "माझी घ्या." वस्तीत लोक चकित झाले. त्याच्या आईने रडून घर डोक्यावर घेतले, पण तो हलला नाही. रक्तगट जुळला. सगळ्यांना वाटले, आता काम झाले. मग क्रॉसमॅच नावाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले की याची किडनी हिला चालणार नाही.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. "नवऱ्याचंच रक्त जुळंना म्हणजे काय?" असे बोलायलाही लोकांनी कमी केले नाही. म्हणून यामागचे शास्त्र नीट समजून घेतले पाहिजे.

रक्तगट जुळणे ही पहिली पायरी. पण प्रत्येकाच्या पेशींवर आणखी काही खुणा असतात. त्या निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून आलेल्या. बाई गरोदर राहते तेव्हा तिच्या पोटातल्या बाळाच्या अंगावर बापाच्या खुणा असतात. बाळंतपणात आई-बाळाचे थोडे रक्त मिसळते. आईचे शरीर त्या परक्या खुणा ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते. पुढे कधी त्याच नवऱ्याची किडनी तिला बसवायची म्हटले, तर ही प्रतिद्रव्ये तिच्यावर तुटून पडतात. सगळ्याच बायांना असे होत नाही, पण जितकी बाळंतपणे जास्त तितकी शक्यता वाढते. अंगावर रक्त चढवल्यानेही हेच होते. पोटच्या मुलांच्या अंगावरही बापाच्याच खुणा, त्यामुळे मोठी झालेली मुले आईला द्यायला तयार झाली तरी कधी कधी हीच अडचण येते.

आता हे उलटे करून पाहा. पुरुष काही गरोदर राहत नाही. त्याला बायकोची किडनी घ्यायला ही आडकाठी नाही. म्हणजे बायकोने नवऱ्याला देणे वैद्यकीय दृष्टीने सोपे, आणि नवऱ्याने बायकोला देणे अवघड! समाजाने पारडे एका बाजूला झुकवलेलेच होते, शरीराच्या रचनेने त्यात आणखी एक वजन टाकले. नवरा खऱ्या मनाने तयार असला तरी त्या घराला मार्ग सापडत नाही, तो असा.

यात एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त कमी झाले की नातेवाईक म्हणतात, "दोन बाटल्या चढवा." जिला पुढे किडनी बसवायची आहे, तिला शक्यतो रक्त चढवणे टाळावे. त्याऐवजी लोहाची आणि रक्त वाढवण्याची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने असतात. डॉक्टरांना हे मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

क्रॉसमॅच आडवा आला तर वाट अगदीच बंद होते असेही नाही. २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अदलाबदलीला परवानगी मिळाली. अ घरातल्या दात्याची किडनी ब घरातल्या रुग्णाला, आणि ब घरातल्या दात्याची अ घरातल्या रुग्णाला. मुंबईत अशा जोड्यांची नोंद ठेवण्याचे काम काही वर्षांपासून चालते. पण त्यासाठी दोन्ही घरचे दाते निकट नातेवाईक असावे लागतात. प्रतिद्रव्ये कमी करण्याचे उपचारही आहेत, पण खर्च ऐकूनच मजूर माणूस उठून उभा राहतो.

विदर्भात ज्यांची सोयरीक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिकडे आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलचा आजार स्वतःच किडनी खराब करू शकतो. आणि ज्याच्या अंगात तो फक्त वाहक म्हणून आहे, त्याला दाता म्हणून घ्यायचे की नाही, हे डॉक्टर प्रत्येकाची तपासणी करून ठरवतात. तिकडचा भाऊ, मामा दाता म्हणून पुढे येत असेल तर ही साधी रक्ततपासणी आधीच करून घ्यावी, म्हणजे चार महिने आणि चार हेलपाटे वाचतील.

कायदा आणि कागद

आता माझ्या हातखंड्याचा विषय. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. महाराष्ट्रात तो १९९५ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. त्याआधी मुंबईसारख्या शहरांत किडनीचा बाजार उघड चाले. कायद्याने निकट नातेवाईक ठरवून दिले : नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यात आली. सून, जावई, दीर, नणंद, मेहुणा, चुलतभाऊ, मामा हे कायद्याने निकट नातेवाईक नाहीत. ते देऊ शकत नाहीत असे नाही, पण त्यांचा अर्ज प्राधिकार समितीपुढे जातो आणि हे दान प्रेमापोटी आहे, पैशासाठी नाही, हे पटवून द्यावे लागते.

निकट नात्यालाही पुरावा लागतोच. आई-मुलगा असल्याचे चेहऱ्यावरून दिसते, हे समितीला चालत नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, नात्याबद्दल तहसीलदाराचे प्रमाणपत्र. कागदांवरून खात्री पटली नाही तर डीएनए तपासणी सांगतात. नवरा-बायको असतील तर विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो.

इथे आपली माणसे अडकतात. आजोबांचे आडनाव वेगळे, वडिलांनी गावावरून आडनाव लावले, मुलाच्या दाखल्यात तिसरेच. भावाच्या दाखल्यावर एक आणि बहिणीच्या दाखल्यावर दुसरे. एकाच आईची दोन लेकरे कागदावर परकी! त्यात आईचे नाव आधारवर एक, माहेरच्या दाखल्यावर दुसरे आणि रेशनकार्डावर घरातले लाडके नाव. आपल्यातली लग्ने विहारात किंवा दारापुढच्या मांडवात वंदना घेऊन, साधेपणाने होतात. चांगलेच आहे ते. पण नोंदणी कितीजण करतात? १९९८ च्या कायद्याप्रमाणे खेड्यात विवाह नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडेच असते. ज्यांच्या लग्नाला वीस वर्षे झाली त्यांनाही नोंद करता येते. नाव बदलल्याचे राजपत्र, म्हणजे गॅझेट, प्रत्येक घरात जपून ठेवलेले असले पाहिजे. यातले काहीच आजारासाठी म्हणून करायचे नाही. पण आजार आला की हे कागद गोळा करण्यात दोन-तीन महिने जातात, आणि तेवढे महिने रुग्ण मशीनवर असतो.

याच नियमांत, २०१४ च्या, एक तरतूद आहे. ती प्रत्येक बाईला माहीत असावी असे मला मनापासून वाटते. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे नियम सांगतो. म्हणजे नवऱ्याने "ती तयार आहे" म्हटले, सासूने मान डोलावली, एवढ्याने भागत नाही. तिला एकटीला विचारले पाहिजे. त्या खोलीत ती "नको" म्हणू शकते. अशा वेळी डॉक्टर घरच्यांना "तपासणीत दाता योग्य आढळला नाही" एवढेच सांगून तिची बाजू सांभाळू शकतात. ही सोय आहे हे ठाऊक नसल्याने कितीतरी जणी मनात धाकधूक घेऊन सही करतात. मी एका आईला विचारले होते, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "माझं काय राहिलंय आता, मला कुठं शाळेत जायचंय?" लेकासाठी द्यायला ती आनंदाने तयार होती, यात शंका नाही. पण तिच्या त्या लेकीच्या वेळी घरातल्या कोणी तोंड उघडले नव्हते, हेही मला माहीत आहे.

हिशेब

डायलिसिस आठवड्यातून तीनदा धरले तर वर्षाला १५६ फेऱ्या होतात. दरवेळी मशीनवर साधारण चार तास, शिवाय जाणे-येणे. काष्टीहून नगर काय नि पुणे काय, अख्खा दिवस मोडतो. सोबत एक माणूस. म्हणजे एका घरातून वर्षाला ३१२ मनुष्यदिवसांची मजुरी बुडाली. हा आकडा कोणत्याही बिलात येत नाही, म्हणून सरकारच्या योजनेतही येत नाही.

प्रवासाचे काही खर्च वाचतात, ते वाचवावेत. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रुग्णाला प्रमाणपत्र दाखवून मोफत प्रवासाची सवलत आहे. २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर व दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. दौंडहून गाडी पकडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. किडनी प्रत्यारोपणाची तिच्यातली मर्यादा आधी अडीच लाख होती, २०२३ च्या निर्णयाने ती साडेचार लाख झाली. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, आधी त्याला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधीक्षकांकडे जावे, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, हे कारकुनाचे बोल समजा.

पण योजना शस्त्रक्रियेपर्यंत नेते. खरा कस पुढे आहे. नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे जन्मभर, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. महिन्याला काही हजारांचा हा खर्च, आणि पहिल्या वर्षी जास्त. पैसे संपले म्हणून पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या तर आईने दिलेली किडनी जाऊ शकते. ही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळे टी.बी.ची भीती. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, पिण्याचे पाणी टँकरचे असेल, तर रुग्णाला जपायचे कुठे? डॉक्टरही मनात हा विचार करतात. "हे कुटुंब औषधे चालवू शकेल का?" या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या कपड्यांवरून दिले जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

आणि दात्याची मजुरी? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने अवयव दिला तर २०२३ पासून त्याला ४२ दिवसांची विशेष रजा मिळते. चांगला निर्णय आहे. पण उसाच्या फडातल्या बाईला रजा कोण देणार? नवरा पेशंट आणि बायको दाता असेल, तर दोन महिने त्या घराची चूल कशावर पेटते, ते शेजाऱ्यांनाच माहीत असते. वस्तीने, मंडळाने वर्गणी काढायचीच असेल तर ती ऑपरेशनच्या बिलासाठी कमी आणि या दोन महिन्यांच्या किराण्यासाठी जास्त काढावी, असे माझे मत आहे.

विकत घ्या म्हणणारे

नातेवाइकांत दाता मिळेना की कानाशी लागणारा एजंट भेटतो. २०१५ च्या अखेरीस अकोल्यात सावकारी कर्जात बुडालेल्या गरिबांना किडन्या विकायला लावल्याचे प्रकरण उघडकीस आले. २०२२ साली पुण्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात कोल्हापूरकडच्या एका बाईला पंधरा लाखांचे आमिष दाखवून रुग्णाची बायको म्हणून उभे केल्याचा गुन्हा नोंदवला गेला. ठरलेले पैसे मिळाले नाहीत, असे तिचे म्हणणे होते. २०२५ च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सावकाराचे देणे फेडायला कंबोडियात जाऊन किडनी विकल्याचे समोर आले. या तिन्ही ठिकाणी विकणारा कोण आहे पाहा. श्रीमंताने किडनी विकल्याचे कोणी ऐकले आहे काय?

काही शिकलेले लोक म्हणतात, विक्री कायदेशीर करून टाका. इराणमध्ये १९८८ पासून मोबदला देऊन किडनी घेण्याची कायदेशीर पद्धत आहे. तिथेही विकायला येतो तो कर्जबाजारीच. आपल्या कायद्यात घेणारा, देणारा आणि दलाल, तिघांनाही पाच ते दहा वर्षे तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. दलाल पळून जातो, सही करणारा सापडतो. खोटी बायको, खोटा भाऊ व्हायला कोणी सांगितले तर सरळ नाही म्हणावे.

यादी

मृत व्यक्तीच्या किडनीसाठी नाव नोंदवण्याची सोय राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय केंद्रांमार्फत आहे. नोंदणी रुग्णालयातून होते. घरात दाता तपासायचे काम चालू असले तरी डॉक्टरांना विचारून नाव नोंदवून ठेवावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'नोटो'ने राज्यांना सूचना केली की यादीतल्या स्त्री रुग्णांना आणि पूर्वी ज्यांच्या घरातून मृत्यूनंतर अवयवदान झाले आहे अशा नातेवाइकांना प्राधान्य द्यावे. वर दिलेले आकडे सरकारलाही दिसले, असे म्हणायला हरकत नाही. पण यादीत नाव असेल तरच प्राधान्य मिळणार. बाईचे नाव यादीत घालण्यासाठी तिला पुण्याला घेऊन जाणारा कोणीतरी घरात हवा.

ज्या भगिनीची हकीकत वर सांगितली, तिचे नाव यादीत आहे. तिच्या आईची तपासणी झाली, पण रक्तदाबामुळे आईला नाकारले. धाकटी बहीण सासरी विचारून सांगते म्हणाली, ते उत्तर अजून आलेले नाही. भाऊ तयार होता, पण त्याच्या बायकोने हट्ट धरला होता की आपली दोन लहान लेकरे आहेत, उद्या काही झाले तर कोणाकडे पाहायचे. तिचे काही चूक नव्हते. आम्ही तिला समजावण्याऐवजी तिलाच डॉक्टरांसमोर बसवले. तिने दीड तास प्रश्न विचारले. भरणीला कधी जाता येईल, रक्तदाब वाढला तर औषधाचे कोण पाहील, पुढे मूल होईल का, सगळे विचारले. परत येताना एसटीत ती नणंदेबद्दल काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी तिने नवऱ्याच्या हाती त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि नणंदेचा जन्मदाखला पाठवला. दोन्हींवरची आडनावे वेगळी आहेत. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी तयार केला आहे, आणि भावाची क्रॉसमॅच पुढच्या मंगळवारी पुण्यात आहे.